हिलमनचं नवं नाक

१ सप्टेंबर १९७४, रविवार

आजपासून रोजनिशी. बावीस वर्षं गिरणीच्या स्टोअर्समध्ये दुसऱ्यांच्या नटबोल्टांच्या नोंदी केल्या. आता स्वतःच्या कामाच्या करणार. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.

काल फोर्टात फूटपाथवरच्या रद्दीत एक इंग्लिश मोटारीचं मासिक मिळालं. पान ३१ वर लेख. इंजिनाला थंड हवा द्या. डिक्शनरी घेऊन दोनदा वाचला. मुद्दा साधा आहे. बॉनेटखालची हवा तापलेली असते. तापलेली हवा विरळ. विरळ हवेत इंजिन घुसमटतं. बाहेरची थंड हवा पाइपाने थेट कार्बोरेटरला दिली की ताकद वाढते आणि पेट्रोल कमी लागतं. गेल्या वर्षापासून पेट्रोल जे भडकलंय त्यात हा लेख हाती लागणं म्हणजे देवच पावला.

लेखाचा उरलेला भाग पान ५२ वर. पान ५२ नाही. रद्दीवाल्याने त्यात कोणाला तरी चणे बांधून दिले असणार. हरकत नाही. लेखकाने पुढे काय लिहिलं असेल ते बुद्धिमान वाचकाला कळतंच.

गाडी एकावन्न सालची हिलमन. गिरणी सुटल्यावर फंडातून घेतली. (गिरणी सुटली म्हणजे मी सोडली. स्टोअर्स नव्याने कसं लावावं याची अकरा पानी योजना दिली होती. मॅनेजरने ती वाचलीसुद्धा नाही. अशा ठिकाणी राहण्यात अर्थ नव्हता, आणि त्यांनीही थांबा म्हटलं नाही.) गाडी भाड्याने चालवायची आहे. सध्या भाडी मिळत नाहीत, कारण भाईंदरच्या लोकांना गुडघ्यात डोकं घालून टांग्यात बसायची सवय.

संकल्प: दसऱ्यापर्यंत थंड हवेचा पाइप बसवून तयार.

३ सप्टेंबर, सकाळी ९

बॉनेट उघडलं. कार्बोरेटरच्या डोक्यावर एअर क्लीनर नावाचं एक धूड असतं. काळं, भाताच्या टोपाएवढं, तळाला तेल. हवेतली धूळ त्या तेलात अडकते म्हणे. म्हणजे इंजिनाने श्वास घ्यायचा तो तेलाच्या चिखलातून. तेवीस वर्षं ही गाडी नाक दाबून चालतेय आणि कोणाला काही वाटलं नाही. मीही गिरणीत असाच चाललो.

धूड काढलं.

शेजारचा धर्माजी बघायला आला. कोळी आहे, इंजिनाची होडी आहे, म्हणून आपल्याला इंजिनातलं कळतं अशी त्याची समजूत. वाकून बघितलं आणि म्हणाला, तोंड उघडा ठेवलास त माशी जानारच, मानसाचा असू दे न्हाय त मशीनचा. मी त्याला घन आणि विरळ हवेतला फरक समजावून सांगितला. तो म्हणाला, ता मना समजत न्हाय, पन डबा टाकू नको, हाय तो असू दे. माणूस चांगला आहे, पण होडीपलीकडे विचार जात नाही.

संध्याकाळी धूड भंगारवाल्याला देऊन टाकलं. परतीची वाट ठेवली की माणूस पुढे जात नाही.

६ सप्टेंबर

पाइप झाला. पत्रेवाल्याने गोडेतेलाचे डबे कापून केला. मी दोन वळणं सांगितली होती, त्याने तीन घातली. जोडांवर सायकलची ट्यूब, वरून तार. बाहेरचं तोंड समोरच्या जाळीपाशी.

पाइप कार्बोरेटरच्या तोंडापेक्षा थोडा बारीक झाला. पत्रेवाला म्हणाला, दुसरा करून देतो. मी नको म्हटलं. नळाच्या तोंडावर बोट धरलं की पाणी लांब उडतं. हवेचंही तेच. बारीक पाइपातून हवा जोरात येणार. काही चुका फायद्याच्या असतात.

८ सप्टेंबर, दुपार

तोंडाशी फिल्टर हवा. बायकोची, म्हणजे दुर्गाची, चहाची गाळणी अगदी मापाची निघाली. बसवली. दुर्गाने विचारलं, चहा कसा गाळू? मी म्हटलं, पत्ती खाली बसेपर्यंत थांबायचं. तिने माझ्या कपात थांबून ओतला नाही.

संध्याकाळी ५. इंजिन सुरू केलं. काय तो आवाज! आधी खोकल्यासारखा यायचा, आता गर्जना. शेजारच्या घरातून जिजाबाई, म्हणजे धर्माजीची बायको, तान्ह्या नातवंडाला घेऊन मागल्या दाराने निघून गेली. ताकद वाढल्याशिवाय आवाज वाढत नाही. पेट्रोल किती वाचलं ते मोजलं नाही. मोजायचं काय, ते जाणवतं.

११ सप्टेंबर

दोन गोष्टी.

एक. सुलूचं नाव शिक्षकांच्या यादीत आलं. सुलू माझी मुलगी, तेवीस वर्षांची, डी.एड. झालेली. दसऱ्यानंतर जिल्हा परिषदेत ठाण्याला बोलावणार. तिथे रिकाम्या जागा वाचून दाखवतात, नाव पुकारलं की आपल्याला हवी ती शाळा मागायची. भाईंदरच्या शाळेत एकच जागा रिकामी आहे. सुलूला ती मिळाली की प्रश्न मिटला. ती घरी राहील, घर चालेल, आणि मला गाडीच्या कामाला मोकळीक मिळेल. डोक्यात अजून बऱ्याच सुधारणा आहेत. दहा वर्षांची कामं सहज.

दोन. गावाकडून पत्र. सुलूला स्थळ आहे, मुलगा चिपळूणला कंपाउंडर, त्यांना मुलगी पसंत आहे, गणपतीत बोलू म्हणतात. मी लगेच उत्तर टाकलं की सुलूला इतक्यात लग्न करायचं नाही. नोकरी हाताशी आली असताना कंपाउंडर कशाला? सुलूला सांगायचं राहिलं. आज इंजिनाच्या टॅपेटचं काम होतं.

१३ सप्टेंबर

सुलूच्या शिकवणीची मुलं ओटीवर बसतात. मी गाडी गरम करत असलो की त्यांना पाढे ऐकू येत नाहीत, अशी एका आईची तक्रार. मी मुलांना म्हटलं, इंजिन ऐका, यातही गणित आहे. उद्यापासून निम्मी मुलं पलीकडच्या गल्लीत शिकवणी घेणाऱ्या कृष्णाबाईच्या ओटीवर जाणार आहेत असं कळलं. शिकायची आवडच नाही.

१७ सप्टेंबर

गणपतीला गावी गाडीने जायचं हे मी मे महिन्यात ठरवलं होतं. आज विचार बदलला. गाडी जाऊ शकत नाही असं नाही. पण नवी सिस्टीम घाटात नेण्याआधी सपाटीवर सेट व्हायला हवी. दुर्गा म्हणाली, गणपतीला घरी न जाणारा रत्नागिरीवाला मी अजून बघितला नाही. मी म्हटलं, बघून घे.

दोघी एसटीने गेल्या. सुलूने जाताना भाताचा डबा आणि डाळीचा डबा कुठे आहे ते दाखवलं. मला माहीत होतं. डाळीचं माहीत नव्हतं.

२० सप्टेंबर

तोंडाचा परीघ वाढवला तर जास्त हवा. विचार चालू.

जिजाबाईने कालवण पाठवलं. गणपतीच्या दिवसांत मासळी खाल्ली. हे इथेच लिहितोय.

२७ सप्टेंबर

दोघी परत आल्या. दुर्गा नीट बोलत नाही. गावात विमलाबाई, म्हणजे तिची चुलत बहीण, भेटली आणि माझ्या पत्राचं सगळं सांगितलं. विमलाबाईच्या तोंडाला बूच नाही.

सुलूने एवढंच विचारलं, अप्पा, तुम्ही लिहिलंत का की मला लग्न करायचं नाही? मी हो म्हटलं आणि कारणं सांगितली. नोकरी, भाईंदरची शाळा, घर, शिवाय मी एका मोठ्या कामात असताना घरात गोंधळ नको. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, बरं. वाद नाही, रडणं नाही. समजूतदार मुलगी. माझ्यावर गेली आहे.

२९ सप्टेंबर, रविवार, सकाळी ११

हायवेवर ट्रायल. काशीमीऱ्याच्या नाक्यापासून सुरुवात. सुलूला शेजारी बसवलं, हातात घड्याळ, दोन मैलांच्या दगडांमधली वेळ घ्यायची.

निकाल वहीत लिहीत नाही. घड्याळ पुढे पळतं, हे मला आधीपासून माहीत आहे. मिठाचा भरलेला ट्रक आमच्या पुढे गेला तो उतारावर. ट्रकला उतारावर कोणीही पुढे जाऊ देतं. चढावर गाठला असता, पण चढ आला नाही.

सुलूने आकडे सांगितले आणि म्हणाली, अप्पा, पूर्वी यापेक्षा जोरात जायची. मी म्हटलं, पूर्वी तू घड्याळ घेऊन बसायचीस का?  परत येताना साऱ्या वाटेत ती बाहेर बघत होती, मिठागरांकडे. तिकडे बघण्यासारखं काय आहे?

४ ऑक्टोबर

जानू मिस्त्रीला दाखवलं. काशीमीऱ्याला त्याचं गॅरेज, ट्रकांची कामं करतो. बॉनेट उघडून त्याने आपल्या दोन माणसांना बोलावलं, हे मला खटकलं. म्हणाला, शेठ, ह्या इंजिनाने तुमचं काय नुकसान केलंय? क्लीनर परत लावून टाका, नाहीतर धूळ खाऊन पिस्टनच्या रिंगा जातील. वो जो डब्बा था, कुठाय? मी सांगितलं, भंगारात. त्याने कपाळावर हात मारला.

मी त्याला मासिक दाखवलं. म्हणाला, मला इंग्लिश येत नाही. मग बोलतोस कशाला?

९ ऑक्टोबर

मोठं तोंड बसवलं. पत्र्याचं नरसाळं, वीतभर रुंद, जाळीच्या बाहेर पुढे आलेलं. गाळणी त्यात मावत नव्हती, काढून टाकली. दुर्गाने ती गाळणी चिंचेने घासली, राखेने घासली, उकळत्या पाण्यात टाकली आणि शेवटी उकिरड्यावर नेऊन टाकली. शेवटी टाकायचीच होती, तर मी वापरली त्यात काय बिघडलं?

गाडी आता समोरून बघितली की तुतारी वाजवतेय असं वाटतं. रस्त्यातली माणसं थांबून बघतात. हसतात तीही थांबतातच.

१४ ऑक्टोबर

पत्र आलं. सुलूला शनिवारी २६ तारखेला सकाळी दहा वाजता ठाण्याला हजर राहायचं आहे. तिची मैत्रीण शेवंती, ती पण यादीत आहे, सकाळच्या एसटीने जाणार. सुलू म्हणाली, मीपण तिच्याबरोबर जाते. मी म्हटलं, घरात गाडी असताना माझी मुलगी नोकरी घ्यायला एसटीने जाणार नाही. घोडबंदर रोडने पाऊण तास. आपण साडेसातला निघू, सव्वाआठला पोचू, चहा पिऊ, साहेब यायच्या आधी पहिल्या बाकावर बसू.

दुर्गा म्हणाली, तिला जाऊ द्या ना हो जायचं तसं. यावर मी जरा चढ्या आवाजात बोललो. हे काम माझ्या गाडीची परीक्षा आहे आणि माझीही, हे या घरात कोणाला कळत नाही. शेवटी सुलूच म्हणाली, राहू दे आई, मी अप्पांबरोबर जाईन.

भाईंदरची एक जागा. ती सुलूची.

२५ ऑक्टोबर, दसरा, सकाळी १०

गाडीची पूजा. मी या गोष्टी मानत नाही, पण दसऱ्याला अवजारांची पूजा करायची यामागे मोठा विचार आहे. गिरणीत आम्ही लेथ मशीनला हार घालायचो.

दुर्गाने झेंडूचं तोरण केलं. मधे आंब्याची पानं, भाताच्या लोंब्या, गावाकडे करतात तसं, चांगलं जाड. तिने ते बॉनेटवर ठेवलं. मी म्हटलं, मान कोणाचा? ज्याच्या जोरावर उद्या ठाण्याला जायचंय त्याचा. तोरण काढून नरसाळ्याच्या तोंडाला गोल बांधलं, दोन पदर. शोभून दिसलं. हळदकुंकू लावलं. धर्माजी आपट्याची पानं द्यायला आला होता, बघून म्हणाला, नाकावर फुलं मेलेल्या मानसाच्या ठेवतात. दसऱ्याच्या दिवशी असं बोलतात का?

सुलूने विचारलं, उद्या निघताना काढायचं ना? मी म्हटलं, पूजेचं तोरण दुसऱ्या दिवशी कोणी ओरबाडत नाही, अपशकुन होतो. वाळलं की आपोआप गळतं.  

२६ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

निघतोय. सुलूने निळी साडी नेसली आहे. सर्टिफिकेटं मी स्वतः तपासली. इंजिन एका फटक्यात सुरू. दव पडून तोरण भिजलंय, त्यामुळे ताजं दिसतंय. वही बरोबर घेतोय, वेळा टिपायला.

२६ ऑक्टोबर, सकाळी १०.४५, काशीमीरा नाका

हॉटेलात बसून लिहितोय. हात काळे आहेत, पानाला डाग पडतील.

घोडबंदर रोडवर चेण्याच्या पुलाअलीकडे गाडीने काळा धूर सोडला. मग दोन आचके. मग शांत. ८.१० झाले होते. उतरून बघितलं तर तोरण जागेवर नव्हतं. दोरा होता. भिजलेला झेंडू नरसाळ्यात ओढला जाऊन बूच बसलं होतं. पाकळ्या आणि लोंब्या पार कार्बोरेटरपर्यंत. यावरून एक गोष्ट सिद्ध होते की पाइपाची ओढ जबरदस्त होती. मी हे सुलूला सांगितलं.

ती घड्याळ बघत होती. मी म्हटलं, पाच मिनिटं. मी हात घालून फुलं काढत राहिलो, ती निघत राहिली, मधे गुरुजी कलश मांडतील असं वाटावं इतकी. एका बाजूला ढीग झाला. वीस मिनिटांनी सुलू रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि रेतीच्या ट्रकला हात केला. ट्रक थांबला. मी धावलो. म्हटलं, ट्रकमधून जाणार? नोकरीला? ती म्हणाली, अप्पा, तुम्ही कोणाला तरी सांगून गाडी ओढून घ्या, उन्हात थांबू नका. आणि वर चढली. ड्रायव्हर म्हातारा होता, शेजारी त्याची बायको बसलेली, म्हणून जाऊ दिलं. (जाऊ दिलं नसतं तरी गेली असती. हे वाक्य खोडायचं आहे.)

बैलगाडीने हिलमन काशीमीऱ्यापर्यंत ओढून आणली. दोन तास. जानू मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला, ओंजळभर पाकळ्या काढल्या आणि आपल्या माणसांना वाटल्या. प्रसाद म्हणाला.

दहा वाजून गेले. सुलू पोचली असेल का?

२६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६

सुलू आली. साडीला रेती लागलेली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, मोखाडा मिळालं.

मोखाडा! जिल्ह्याच्या पार टोकाला. जंगल, डोंगर, आदिवासी पाडे. तिथे एसटी जाते की नाही देव जाणे. मी विचारलं, आणि भाईंदर? म्हणाली, भाईंदर शेवंतीला मिळालं. मग आत गेली, हातपाय धुतले, आणि शांतपणे जेवायला बसली. धक्का बसला की माणूस असंच करतं.

सगळं स्पष्ट आहे. उशिरा पोचली, तोवर चांगल्या जागा गेल्या, उरलंसुरलं पदरात पडलं. याला जबाबदार कोण? तोरण जाड कोणी केलं? लोंब्या कोणी घातल्या? मी दुर्गाला हे विचारलं. दुर्गाने सुलूला भात वाढला, मला वाढला नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

झोप लागली नाही. उपाय सुचला. साहेबांना पत्र लिहिणार. माझी मुलगी उशिरा आली ती तिच्या चुकीने नव्हे, तांत्रिक कारणाने. सोबत पाइपाचं ड्रॉइंग जोडणार. शिकलेला माणूस असेल तर समजेल, आणि जागा बदलून देईल.

दुपारपर्यंत कच्चा खर्डा तयार. सुलूला वाचून दाखवला. ती म्हणाली, अप्पा, हे पत्र पाठवू नका. मी कारण विचारलं. म्हणाली, नका पाठवू, एवढंच. आवाज चढवला नाही, पण असं ती माझ्याशी आजवर बोलली नव्हती. बापाने साहेबापुढे चूक कबूल करावी हे तिला सहन होत नाही. मन भरून आलं. खर्डा ठेवून दिला.

२ नोव्हेंबर

जानूचा निरोप. इंजिन खोललं. दोन महिने उघड्या तोंडाने चालून रस्त्याची धूळ आणि मिठागरांचा वारा आत गेलाय, सिलिंडरला चरे पडलेत. तो म्हणतो, फुलं नसती तरी दिवाळीपर्यंत हिचा निकाल लागलाच असता. मी म्हटलं, म्हणजे फुलांनी गाडी वाचवली? तो हसला नाही.

संकल्प: नवं डिझाइन. नरसाळं उलट्या दिशेला.

१० नोव्हेंबर

सुलू वाचतेय. मोखाड्याचा नकाशा कुठून तरी मिळवलाय. वारली लोकांच्या भाषेतले शब्द एका वहीत लिहिते. मी म्हटलं, मन रमवतेस ते बरं आहे, पण मी प्रयत्न सोडलेला नाही, वर्षभरात बदली करून आणतो. ती म्हणाली, अप्पा, तुम्ही काही करू नका. किती सोसते!

दुर्गा तिच्यासाठी रजई शिवतेय. दोघी हळू बोलतात, मी आलो की थांबतात. माझ्यासमोर दुःख दाखवायचं नाही असं ठरलेलं दिसतं.

१४ नोव्हेंबर, दिवाळी

चकल्या कडक. कोणाचं लक्ष नाही.

धर्माजी भेटला. मी सांगितलं की माझ्या गाडीमुळे पोरीचं नशीब फिरलं. बोलून टाकलं, का कोण जाणे.  तो म्हणाला, पोरगी तुझी हुशार हाय, तिचा काय वाकडा व्हयाचा न्हाय. माणूस मोठा असतो ते अशा वेळी समजतं. माझ्या पाठीवर हात ठेवला. इतका राग येत होता मला स्वतःचा, की रडू फुटलं. हे कोणाला सांगायचं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६

आज सुलू निघाली. मी भाड्याची गाडी करून मोखाड्याला सोडतो म्हटलं. नको म्हणाली. निदान ठाण्यापर्यंत. नको. शेवंती येतेय सोबत ठाण्यापर्यंत, तिथून तिची ती एसटीने.

पत्र्याची ट्रंक, रजई, एक पिशवी. माझ्या पाया पडली. मी म्हटलं, सुलू, माझं चुकलं. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य बोललो, आणि बोललो तर पूर्ण बोलावं म्हणून पुढे म्हटलं, त्या दिवशी तोरण काढायला हवं होतं.  ती दुसरंच काही तरी सांगेल असं वाटलं. मग म्हणाली, त्याचं मनाला लावून घेऊ नका, अप्पा. खरंच लावून घेऊ नका.

असं मोठं मन आता कुठे बघायला मिळतं?

१ डिसेंबर, रविवार, सकाळी ११

शेवंती पेढे घेऊन आली. भाईंदरच्या शाळेत रुजू झाली. मला राहवलं नाही. म्हटलं, लवकर पोचणाऱ्याला भाईंदर, उशिरा पोचणाऱ्याला मोखाडा, तुझ्या एसटीला आमचा नमस्कार सांग.

तिला काही कळेना. म्हणाली, काका, सुलू उशिरा कुठे आली? दहाला दहा कमी होते तेव्हा माझ्या शेजारी येऊन बसली होती, पदर झटकत. साहेबच साडेअकराला बसले. मार्कांप्रमाणे नावं पुकारली. सुलूचा नंबर चौथा, माझा नववा. तिची पाळी आली तेव्हा भाईंदर रिकामंच होतं. साहेब स्वतः म्हणाले, बाई, तुमचं घर भाईंदरला, भाईंदर घ्या. सुलू म्हणाली, मला मोखाडा द्या. साहेबांना वाटलं, चुकून बोलली. त्यांनी परत विचारलं. ती म्हणाली, मोखाडाच. सगळ्या यादीत त्याच्याहून लांबचं गाव नव्हतं.

 शेवंती म्हणाली, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. पेढ्यांचा पुडा कट्ट्यावर ठेवून गेली.

१ डिसेंबर, संध्याकाळ

दुर्गा भाकऱ्या करत होती. विचारलं, तुला ठाऊक होतं? हो म्हणाली. कधीपासून? म्हणाली, गणपतीहून आलो तेव्हापासून. मी विचारलं, मग त्या दिवशी माझ्या गाडीत बसली कशाला? दुर्गाने तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, जायच्या आधी तुम्हाला तेवढं तरी समाधान द्यावं, असं म्हणत होती.

विचारायचं होतं, माझ्यामुळे गेली का. विचारलं नाही. जेवायला वाढलं, जेवलो.

पाच आठवडे मी धरून चाललो होतो की माझी गाडी बंद पडली म्हणून मुलगी लांब गेली. त्याचं मला वाईट वाटत होतं, आणि आज कळतंय की त्याचाच मला आधार होता. गाडी धड चालली असती तर मीच तिला वेळेवर ठाण्याला सोडलं असतं, बाहेर उभा राहून वाट बघितली असती, आणि आत जाऊन तिने मोखाडाच मागितलं असतं.